जड काडतुसाची चाचणी

“लोमटे, खांद्यावरचं ते काढा,” मी म्हणालो.

शिपाई सारिका लोमटे फायरिंग रेंजवर पालथी झोपली होती. हातात एसएलआर, म्हणजे मोठ्या काडतुसाची जुनी रायफल. वर्दीच्या आत, उजव्या खांद्यावर, तिने टॉवेलची घडी ठेवली होती. नियमात ती बसत नव्हती.

“काढते, उस्ताद. पण लई लागतंय हो. सरावातच खांदा काळानिळा झालाय.”

“लागणारच. रायफल आहे, लाटणं नाही.”

मागे उभे असलेले पुरुष शिपाई हसले. तिने टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा नेम धरला.

मी पोलीस दलात शस्त्र प्रशिक्षक आहे. आमच्याकडे प्रशिक्षकाला उस्ताद म्हणण्याची रीत आहे. त्या दिवशी जलद कृती पथकासाठी निवड चाचणी होती. महिलांसाठी जागा एकच होती. सारिका तेर गावची. धावणे, दोर चढणे, मुलाखत, सगळ्यांत ती पुढे होती. राहिला होता तो गोळीबार. वयाच्या अटीमुळे पुढच्या निवडीत ती बसणार नव्हती, हे तिलाही माहीत होते आणि मलाही.

चाचणी एसएलआरवर घ्यायची की इन्सासवर, हे ठरवण्याची मुभा प्रशिक्षकाला होती. इन्सास म्हणजे लहान काडतुसाची रायफल. रेंजवर निघण्यापूर्वी सारिकाने मला विचारलेही होते.

“उस्ताद, इन्सासवर घ्या की. निरीक्षक साहेबांनी दोन्ही चालतंय म्हणलंय.”

“इन्सास कोणीही मारतं,” मी म्हणालो होतो.

हे वाक्य मला आज अधिक टोचते, कारण त्याच सकाळी मी या सर्वांचा वर्ग घेतला होता. विषय होता, जगातील सैन्यांनी जड काडतूस सोडून हलके का स्वीकारले. हा वर्ग मी अनेक वर्षे घेत आलो आहे आणि चांगला घेतो, असा माझा समज होता.

त्यात मी सांगतो ते थोडक्यात असे. जुन्या रायफलींचे काडतूस फार लांबवर मारा करण्यासाठी घडवलेले होते. लढायांच्या अनुभवातून मात्र दिसले की शिपाई बहुधा तीनशे मीटरच्या आतच गोळी झाडतो. त्यापलीकडचा माणूस त्याला नीट दिसतही नाही. मग त्या जादा ताकदीचे करायचे काय? ती ताकद उलट दिशेने खांद्यावर येते. गोळी सुटताना रायफल मागे धक्का देते. धक्का मोठा असला की नळी वर उसळते आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. शिवाय वजन. एका जड काडतुसाच्या वजनात साधारण दोन हलकी काडतुसे मावतात. पाठीवर तेवढेच ओझे घेऊन शिपाई दुप्पट वेळ लढू शकतो.

शेवटचा मुद्दा मी नेहमी सावकाश सांगतो. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतो, खांदा चोरतो आणि ट्रिगर हळू दाबण्याऐवजी हिसडतो. याला आम्ही बिचकणे म्हणतो. बिचकणाऱ्याची गोळी जमिनीत जाते. याचा त्याच्या धैर्याशी संबंध नसतो. शरीर आपले शिकलेले करते.

हे सांगून, फळा पुसून मी रेंजवर गेलो आणि एसएलआरची पेटी उघडायला लावली.

याचे कारण आमच्यातील एक जुनी रीत होती. पहिल्या फायरिंगनंतर शिपाई शर्टाची गुंडी काढून खांद्यावरचा निळा डाग एकमेकांना दाखवत. त्याला शिक्का म्हणत. शिक्का बसला की माणूस दलाचा झाला. माझ्या शिक्क्याचे माझ्या उस्तादांनी कौतुक केले होते. महिला शिपाई आल्या तेव्हा डाग दाखवण्याची सोय त्यांना अर्थातच नव्हती. त्यांनी तो झाकून ठेवला, आणि मी असे धरून चाललो की त्यांना तो बसतच नाही.

“फायर!” मी हुकूम दिला.

पहिली गोळी टार्गेटच्या कडेला लागली. दुसरीने टार्गेटसमोरची माती उडवली. तिसरीच्या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ट्रिगर दाबण्याआधीच तिचे डोळे मिटले. सकाळी मी शब्दांत सांगितलेले सर्व काही माझ्यासमोर घडत होते. थांबवून रायफल बदलण्याचा अधिकार मला होता. मी थांबवले नाही. पुढच्या गोळ्याही मातीत गेल्या.

माझे सहकारी हवालदार स्वामी टार्गेट पाहून परतले. अणदूरचा सरळ माणूस. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “उस्ताद, पोरगी बिचकतीया. इन्सास देऊन बघू का? पेटी हितंच हाय.”

“आता एकीला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल.”

“मग द्या की सगळ्यांना. आपल्या घरचं काय जातंय?”

“स्वामी, काही सैन्यं आता पुन्हा मोठ्या काडतुसाकडे वळतायत, ठाऊक आहे ना?”

“त्यांच्यापुढं चिलखत घातलेला दुश्मन असंल. हिच्यापुढं कागद हाय.”

तरीही मी सारिकाच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लिहिले. जागा दुसरीला मिळाली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच रायफलीवर तिने काम निभावले.

पावसाळ्यानंतर वार्षिक सराव झाला. तो इन्सासवर होता. सारिकाचे टार्गेट आणले गेले तेव्हा सगळी भोके तळहाताखाली झाकतील इतकी जवळ होती. निरीक्षक साहेबांनी कागद उजेडात धरला.

“उस्ताद, ही पोरगी निवडीत नापास कशी झाली?”

“मी केली, साहेब. रायफल चुकीची दिली.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. “वर विचारून बघतो,” म्हणाले. त्यांनी विचारले. यादी केव्हाच मंजूर झाली होती आणि वयाची अट शिथिल होणार नव्हती.

ते मी स्वतः सारिकाला सांगितले. माफीही मागितली. तिने ऐकून घेतले.

“उस्ताद, तुम्ही सकाळी वर्गात सांगितलं तवा मला वाटलं, आज इन्सासच मिळणार,” ती म्हणाली. “म्हणून तुम्हाला विचारेपर्यंत मी निवांत होते.”

तिच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

आता माझ्या रेंजवर निवड चाचणी हलक्या रायफलीवर होते. ज्याला हवी त्याला एसएलआर नंतर मिळते. काही जुने शिपाई कुरकुरतात. त्यांचे मी ऐकून घेतो. सारिका न्यायालयाच्या फाटकावर पहाऱ्याला असते. मी तिकडून गेलो तर नियमाप्रमाणे सॅल्यूट करते आणि पुन्हा फाटकाकडे वळते. हलक्या काडतुसाचा वर्ग मी अजूनही घेतो. मुद्दे तेच आहेत. फक्त वर्ग सुरू होण्यापूर्वी, रेंजवर कोणती पेटी जाणार आहे ते मी स्वतः जाऊन पाहून येतो.