कोवळी पाथरी

आधी शेजारच्या अक्कांचे उपकार सांगते, मग भाजीचं. तिसरीत शाळा सुटली आणि लग्न होऊन मी कोकणातून इथं निजामाच्या मुलखात, तेरला आले. सासूबाईंनी पहिल्यांदाच मला ज्वारीच्या रानातून पाथरीची रानभाजी आणायला धाडलं. चुकले तर माहेरचा उद्धार होणार, या धास्तीनं मी दिसतील ती मोठी पानं ओच्यात भरली.

अक्का त्याच रानात होत्या. बोलता बोलता त्या पान तोंडात टाकतात, आणि चावून होईस्तोवर वाक्य अर्धंच राहतं. माझं पान चावून त्या थुंकल्याच.

"अगं पोरी, फूल आलं की पाथरी सासूवानी कडू हुती! आन् ही काट्याची, शेळीला टाक. भुईला चिकटलेली कोवळी घ्यावी, कच्चीच खावी. त्यानं लई..." चावून झालं. "...रगत वाढतं."

हसत त्यांनी माझा ओचा शेळीपुढं रिकामा केला आणि स्वतःची पाथरी त्यात भरली.

जेवताना सासूबाईंनी मीठ-कूट लावलेली पाथरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

"माहेरी शिकलीस व्हय गं?"

भिंतीपलीकडं अक्का खुदकन हसल्या.

एका पावसाळ्यात अक्कांना माझ्या माहेरी नेणार आहे, टाकळ्याची भाजी खायला. टाकळा खुडायला मात्र मी शिकवीन.