शिक्क्याखालचा चेहरा

नवी मुंबईतल्या तळवली गावात भाड्याने राहायला आल्यावर मी नेमकं काय काम करते हे घरमालकीण मावशींना समजायला दोन वर्षं गेली. तोपर्यंत त्या शेजारणींना सांगत, "रबाल्याला फोटोच्या दुकानात हाय." मला भयंकर राग यायचा. नांदेडहून येऊन इंजिनिअर झाले, रात्रंदिवस प्रोग्राम लिहिले, आणि पदरात काय, तर फोटोचं दुकान! पण खरं सांगायचं तर मावशी फारशा चुकत नव्हत्या.

रबाळ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही फोटो स्टुडिओवाल्यांसाठी ॲप बनवतो. फाटका, डागाळलेला फोटो स्टुडिओवाला ॲपमध्ये टाकतो आणि माझा प्रोग्राम तो चित्रं बनवणाऱ्या एका एआयकडे पाठवतो. ते एआय आमचं नाही, कुठल्याशा परदेशी कंपनीचं. आपण निरोप धाडायचा, की हा फोटो, ही जागा, इथे अमुक कर. दहा-पंधरा सेकंदांत तिकडून चित्र परत येतं. या देवाणघेवाणीच्या खिडकीला एपीआय म्हणतात. बदलायची जागा आपण रंगाने झाकून दाखवायची, तो मास्क. मास्कच्या बाहेर एआयने सहसा हात लावायचा नाही. हे सगळं जिथून सुरू होतं त्या बटणावर 'चेहरा परत मिळवा' असं लिहिलेलं आहे. ते शब्द माझे होते आणि मला त्यांचा अभिमान होता.

गेल्या वर्षी मावशींच्या मुलाने आमच्या शेजारच्याच जागेवर नवी बिल्डिंग उभी केली. ती जागा मावशींच्या आईची. मावशी एकुलत्या एक, माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे जागा त्यांच्याकडे आली. बिल्डिंगला आजीचंच नाव द्यायचं ठरलं होतं. वास्तुशांतीला आठ दिवस उरले असताना मुलगा माझ्या दारात आला.

"मॅडम, एक काम होतं. आजीचा फोटो लॉबीत लावायचाय. मोठा, एकदम कडक. पण ओरिजिनल असा आहे बघा."

त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळं पडलेलं ओळखपत्र काढलं. नवी मुंबई वसवायला गावची शेतं सरकारने घेतली त्या काळातलं. त्यावर पासपोर्ट आकाराचा काळा-पांढरा फोटो चिकटवलेला. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, नजर थोडी रागीट. आणि चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर जांभळा गोल शिक्का. अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर, सरकारी कागदांवर मारतात तसा. कारकुनाने असा दणकून हाणला होता की डावा डोळा आणि गाल शाईखाली पार बुडाले होते.

"दुसरा फोटो नाही?"

"कुठला? आजी कॅमेऱ्यासमोर बसली ती एकदाच. तेपण साहेबानं बसवलं म्हणून."

असं काम तर माझ्या डाव्या हातचा मळ. मी बसल्या जागी फोटो टाकला, बटण दाबलं, आणि दहा सेकंदांत शिक्का गायब. मुलगा "आयला!" म्हणून ओरडला. मावशी खालून धापा टाकत आल्या, चष्मा लावून मोबाइल हातात घेतला आणि म्हणाल्या, "कपालावरचा गोंदन कुठं गेला?"

गोंदण खरंच गेलं होतं. मी मास्क सगळ्या चेहऱ्यावर टाकला होता आणि सोबत आमची ठरलेली सूचना गेली होती, की सगळे डाग काढ. ती सूचनाही मीच लिहिलेली. एआयच्या लेखी गोंदण हा एक डाग. मी ओशाळले, हसले, कपाळ मास्कमधून वगळलं आणि पुन्हा पाठवलं. या वेळी गोंदण जागच्या जागी, डावा डोळा उजव्याला शोभेलसा, गाल भरलेला. घरातल्या सगळ्यांच्या हातांतून मोबाइल फिरला. सुनेला तर वाटलं, सासूबाईंचं नाक अगदी आजीचंच.

मावशी तेवढ्या म्हणाल्या, "बरा हाय."

मला ती शाबासकी वाटली. त्यांच्या मुलालाही. आपल्याकडे सगळी मंडळी खूश असताना म्हातारी बाई याहून वेगळं काय म्हणणार, हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत असताना मावशी वर आल्या. हातात ओळखपत्राची पिशवी आणि नव्या फोटोचा छापून आणलेला एक नमुना. नमुना त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"बाय, मना खरं सांग. ही कोन?"

"तुमची आई, मावशी."

"ही अर्धी माजी आय हाय. ही अर्धी कोन?"

मी समजावायला लागले. एआयने लाखो चेहरे पाहिलेत, त्यावरून ते अंदाज बांधतं, उजव्या बाजूवरून डावी काढतं. बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की मी सारवासारव करतेय. आणि मग मी तेच केलं जे मी नेहमी करते. मला कुणी 'हे जमत नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "तुम्ही सांगा डोळा कसा होता. मी तसा करून देते."

मावशी खुर्चीवर बसल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "थोडा बारीक होता. त्या बाजूचा."

मी लिहिलं, पाठवलं. चित्र आलं. "नाय, एवढा नाय." पुन्हा. "आता मोठा झाला." पुन्हा. गालावर जरा खळगा होता म्हणाल्या, दाढ काढली होती तिथे. खळगा आला तर चेहरा आजाऱ्यासारखा दिसायला लागला. मी हट्टाला पेटले होते. प्रत्येक वेळी एक नवी बाई डाव्या बाजूने येऊन बसत होती, प्रत्येक बाई अगदी खरी दिसत होती आणि मावशींचं बोलणं कमी कमी होत होतं. अकरावं चित्र आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मावशी? हा बरोबर आहे का?"

"आता मनापन आठवत नाय," त्या म्हणाल्या. "सकाली आठवत होता."

त्यांच्या आईला जवळून पाहिलेलं माणूस गावात आता त्या एकट्याच. बाकीचे गेले. तो डोळा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि मी तासाभरात त्याच्यावर अकरा परक्या बायकांचे डोळे आणून ठेवले होते. एआयने कधी 'मला माहीत नाही' म्हटलं नाही. रिकामी जागा दिली की ते भरूनच देतं. पण त्याला काय बोलणार? मीही म्हटलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि मला रडू आलं. इतकी वर्षं काम केलं, पण कुणाचं काही हिरावून घेतल्यासारखं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"माझं चुकलं, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून ओळखपत्र काढलं, मांडीवर ठेवलं आणि जांभळ्या शाईवरून अंगठा फिरवला.

"शिक्का रावदे," त्या म्हणाल्या. "त्याचे खाली ती हाय."

सरकार असा अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर शिक्का का मारतं, हे मला शाळेत असताना वडिलांनी सांगितलं होतं. कुणी मूळ फोटो उपटून तिथे दुसऱ्याचा चेहरा चिकटवू नये म्हणून. ते मला तेव्हा आठवलं.

त्या दुपारी मी मास्क नव्याने केला. या वेळी चेहऱ्याला हात नाही, शिक्क्याला नाही. फक्त कोपऱ्याची फाटकी कड, घडीची रेघ आणि पदरावर पडलेली बुरशी. मुलगा वैतागला. "लॉबीत शिक्क्याचा फोटो? मॅडम, लोक काय बोलतील? सीवूड्सची पैसेवाली पार्टी फ्लॅट बघायला येते आपल्याकडे!"

"माजे आयचा फोटो हाय," मावशी म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला.

वास्तुशांतीच्या दिवशी लिफ्टशेजारी तो दोन फुटी फोटो लागला. अर्धी रागीट बाई, अर्धा जांभळा शिक्का. येणारा प्रत्येक जण थबकत होता, आणि मुलगा प्रत्येकाला शिक्क्याची तीच गोष्ट पुन्हा सांगत होता. चौथ्या-पाचव्या वेळेपासून तो ती रंगवूनही सांगायला लागला.

ऑफिसात मी बटणावरचे शब्द बदलायला लावले. आता तिथे 'फोटो साफ करा' एवढंच आहे. आमचे साहेब कुरकुरले, म्हणाले, पहिल्या शब्दांत दम होता. होताच. शिवाय मास्कच्या जागी मूळ चेहरा दिसतच नसेल तर ॲप आता आधी विचारतं, की ही जागा तशीच ठेवायची का. फार थोडे लोक 'हो' म्हणतात.

पण मावशींचं काय झालं, हे माझ्या मनातून जात नव्हतं. जिन्यात भेटल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. महिना उलटला. एका सकाळी त्या सुकटीची वाटी घेऊन वर आल्या. वाटी ठेवली, पदर सारखा केला, आणि एकदम म्हणाल्या, "बाय, डोला आठवला. तांदूल निवडत होते, तवा आली डोल्यांसमोर. अख्खी."

माझा जीव भांड्यात पडला. आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, माझा हात टेबलावरच्या लॅपटॉपकडे गेला. "कसा होता, मावशी?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

"नाय सांगनार तुना," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.