अंगणात लावलेला शनी

बाजारातले दुकानदार त्यांना काटेवाले म्हणत. कुणाचा वजनकाटा रुसला की त्यांना बोलावणं यायचं. काट्याला हात लावायच्या आधी ते खिशातून छोटी पाणसळ काढत, टेबलावर ठेवत आणि तिच्यातला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या सरकवत बसत.

"अहो, काटा बिघडलाय, टेबल नाही," एखादा वैतागून म्हणायचा.

"आधी टेबलाचं बघू. मग काट्याला बोल लावू," काटेवाले शांतपणे सांगत.

बायको घरी शिवणकाम करायची. ती म्हणायची, "यांना माझ्याशी भांडायचं असलं, तरी आधी खुर्ची डुगडुगते का ते बघतील. तोवर माझा राग जातो."

काटेवाल्यांना एकच शौक होता. कुणीतरी वापरून कंटाळलेली एक दुर्बीण त्यांनी घेतली होती. तिची बैठक मोठी हट्टी. बैठकीचा तिरका दांडा बरोबर ध्रुवाकडे रोखला, तरच तिची बारकी मोटर नळीला आकाशाच्या चालीने फिरवायची आणि ग्रह भिंगात जागच्या जागी राहायचा. दांडा जरा इकडेतिकडे झाला, की ग्रह हळूहळू सरकत कडेला जायचा. काटेवाल्यांना ते सरकणं सोसायचं नाही. गच्चीवर तिपाई मांडायची, पाणसळ ठेवायची, ध्रुवतारा धरायचा. तो धरला की बुडबुडा हललेला, बुडबुडा आणला की ध्रुवतारा सुटलेला.

बायको शाल गुंडाळून वर यायची. "झालं का?"

"झालंच."

"तुमचं झालंच मला पाठ आहे."

टाकीच्या कठड्यावर ती थोडा वेळ बसायची. मग खाली गॅसवर काहीतरी असायचं, किंवा कुणाचा तरी ब्लाउज सकाळी द्यायचा असायचा. सगळं मनासारखं लागलं की काटेवाले हाका मारत, तेव्हा ती झोपलेली असायची. चंद्र तेवढा तिने पाहिला होता. त्याला फार नेम लागत नाही. शनीची कडी मात्र राहूनच गेली.

"राहू दे हो," ती म्हणायची. "शनी कुठे पळून जातोय?"

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. जिने चढणं बंद झालं, म्हणून त्यांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. मागे फरशीचं लहानसं अंगण होतं. दूरच्या गावी नोकरी करणारी मुलगी रजा टाकून आली. डॉक्टरांनी दवाखान्याच्या बोळात तिला जे सांगितलं, ते तिने स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवून बापाला सांगितलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून. आईला ते आधीच कळलेलं होतं.

"मला एकदा ती कडी दाखवा," ती त्या संध्याकाळी म्हणाली. "पण मला आता ताटकळत बसवत नाही हं. बाहेर आणलंत की लगेच दिसली पाहिजे."

काटेवाले कामाला लागले. अडचण अशी की अंगणातून ध्रुवतारा दिसतच नव्हता. उत्तरेला शेजारच्या इमारतीची भिंत. मग त्यांनी भर दुपारी ओळंबा टांगला. दोरीची सावली आखूड होत होत ज्या क्षणी सर्वांत आखूड झाली, त्या क्षणी तिच्यावर खडूने रेघ मारली. तीच उत्तर-दक्षिण. रेघेच्या आधाराने बैठक लावली, आणि तिपाईचे तीन पाय जिथे टेकले तिथे छिन्नीने फरशीला तीन खळगे पाडले. आता पाय खळग्यांत ठेवायचे, बुडबुडा बघायचा, मोटर सुरू करायची. संपलं.

बायको पलंगावरून खिडकीतून बघत होती. "घरमालक विचारेल, फरशीला देवी कशा आल्या. काय सांगाल?"

"सांगेन, बायकोच्या हट्टाच्या खुणा आहेत."

"सांगाच. आयुष्यात एक तरी हट्ट केला म्हणायचा."

रोज संध्याकाळी ते सराव करत. दुर्बीण आत न्यायची, बाहेर आणायची, लावायची. हात असे बसले की मुलीचा चहा उकळायच्या आत शनी भिंगात. पण भिंगाला डोळा लावून ते बराच वेळ बसत आणि मान हलवत.

"बाबा, आज आणूया ना आईला. आज तिला बरं वाटतंय."

"उद्या. अजून केसभर सरकतोय."

"केसभर सरकला तर काय बिघडतं?"

"तिने इतकी वर्षं वाट बघितली. तिला सरकणारा दाखवू?"

मधेच एका संध्याकाळी त्यांना पिठाच्या गिरणीत काटा बघायला जावं लागलं. घरी आले तेव्हा दुर्बिणीची कापडी खोळ उलटी घातलेली दिसली. मुलीने धूळ झटकली असेल, असं म्हणून त्यांनी ती सुलटी केली.

शेवटी एके दिवशी शनी जागचा हलेना. काटेवाल्यांचा चेहरा उजळला. पण त्याच आठवड्यात बायकोचा श्वास आणखी खालावला होता. बापलेकीने तिला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं, नाकातली प्राणवायूची नळी लांब सोडून. खुर्ची टेकते न टेकते तोच काटेवाले म्हणाले, "बघ."

तिने मान पुढे केली. ते बाजूलाच वाकून उभे होते. खिडकीच्या उजेडात त्यांना तिचा भिंगाला लावलेला डोळा दिसला. पापणी मिटलेली होती. मान धरून ठेवण्यातच तिचं सगळं बळ जात होतं.

"दिसला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसला की." ती मागे टेकली, दम घेतला. "इवलासा. टोपी घातल्यासारखा. आणि पळत कसा होता! या कडेने आला, त्या कडेने गेला. मला हसूच आलं."

काटेवाल्यांनी भिंगात पाहिलं. शनी बरोबर मधोमध होता, खिळा ठोकल्यासारखा.

मुलगी फरशीकडे बघत होती.

आईला पलंगावर निजवल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आली आणि त्यांनी विचारायच्या आधीच बोलली. "तुम्ही गिरणीत गेला होतात त्या दिवशी. मी नुसती तिपाई टेकवली, खळग्यांतसुद्धा नाही. मोटरही लावता आली नाही. आई चांगली बसली होती, बाबा. पुन्हा पुन्हा बघत होती. मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस. त्यांना मला दाखवायचाय."

काटेवाल्यांनी ओट्यावरचा कप उगाच विसळला आणि ते अंगणात गेले. मोटरचा बारीक आवाज चालूच होता. त्यांनी बटण दाबून ती बंद केली आणि भिंगाला डोळा लावला. शनी निघाला. आधी कळेल न कळेल असा, मग चांगला सरकत, आपली टोपी सांभाळत. त्यांचा हात सवयीने त्याला परत आणायला स्क्रूकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. कडेला जाऊन शनी दिसेनासा झाला.

खिडकीतून बायकोचा आवाज आला, पुसट. "अहो, झालं का?"

"आलो," काटेवाले म्हणाले. दुर्बीण तशीच उघडी टाकून ते आत गेले आणि तिच्याजवळ बसले. खुर्ची डुगडुगत होती.