माझा सोमवार गुरुवारी यायचा

“छातीत आवळल्यासारखं सोमवारी जास्त होतं का?” सेवाग्रामच्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. “नाही मॅडम. सोमवारी मी एकदम ठणठणीत असतो.”

मॅडम पुढच्या प्रश्नांकडे वळल्या. घरात कुणाला दमा आहे का, बिडी ओढता का, अंथरुणात मांजर येतं का. मी सगळ्यांना नाही म्हणत गेलो. शेजारच्या स्टुलावर माझी बायको वंदना चुळबुळत बसली होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“मॅडम, यायले गुरुवारीच होते. बुधवारी बाजारात भजे खातेत ना! किती सांगतलं, आयकतच नाईत.”

“दर गुरुवारी?”

“दर गुरुवारी. शुक्रवारी थोडं कमी. शनिवारपर्यंत बरे होऊन जातेत.”

“आणि बुधवारी काय असतं?”

“मिलला सुट्टी असते,” मी म्हणालो. “आमच्याकडच्या आठवडी बाजाराचा दिवस.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या हसल्या. “अहो, मग तुमचा सोमवार गुरुवारी येतो!”

आजाराचं नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. बिसिनोसिस. म्हणजे कापसाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. सुट्टीच्या दिवशी फुप्फुसांना धुळीपासून सुटका मिळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ आत गेली की श्वासनळ्या चिडतात आणि आवळतात. मग आठवडाभरात शरीर जुळवून घेतं आणि आपल्याला वाटतं, बरं झालं. बऱ्याच ठिकाणी सुट्टी रविवारी असते, म्हणून डॉक्टर सोमवारचं विचारतात. आमच्या बुधवारच्या सुट्टीची त्यांना काय कल्पना!

कापसात काम करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींसाठी मी हे लिहितो आहे. तुम्हाला कुणी सोमवारचं विचारलं, तर तुमच्या सुट्टीनंतरचा दिवस आठवून उत्तर द्या. माझे कितीतरी महिने भज्यांवर आळ घेण्यात गेले.

आमच्या घरात पहिला पदवीधर मीच. बाबांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मला बी.एस्सी. केलं. सूतगिरणीत सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा आई अल्लीपूरच्या आमच्या गल्लीत घरोघर सांगत फिरली, “पोराले सावलीतलं काम भेटलं!” उन्हात आयुष्य काढलेल्या माणसाला सावलीचं मोल काय असतं, ते तिच्या आवाजात ऐकू यायचं.

त्या सावलीत धूळ होती. माझं काम ब्लो रूममध्ये, म्हणजे जिथे रुईच्या गाठी फोडून मशीनमध्ये घालतात तिथे. मशीनवर, तुळयांवर, दिव्यांवर पांढरी लव साचायची. ती काढायची आमची पद्धत म्हणजे हवा मारणे. कॉम्प्रेसरच्या नळीने जोरात हवा सोडायची, की सगळी लव उडायची. मग खाली बसलेली झाडूने लोटायची. घरी जाताना त्याच हवेने एकमेकांचे कपडे, केसही साफ करून द्यायचे. आम्हाला ते फार छान वाटायचं. उडालेली धूळ कुठे जाते, याचा विचार बी.एस्सी. झालेल्या मीही केला नव्हता.

मॅडमनी स्पायरोमेट्री केली. या तपासणीत नळी तोंडात धरून जिवाच्या आकांताने फुंकायचं, आणि फुप्फुसातून हवा किती आणि किती वेगाने निघते ते मशीन दाखवतं. “अजून फुंका, अजून, अजून!” असं तिथली बाई इतक्या जोरात ओरडत होती, की बाहेर बाकावर बसलेले पेशंटही गाल फुगवू लागले. वंदनाने दारातून ते पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसली.

मॅडमनी मला एक पंप दिला, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध. पंपाची सवय लागते, असं आमच्याकडे सगळे सांगतात. मॅडम म्हणाल्या, “सवय धुळीची लागली आहे. ती आधी सोडा.” सोबत पीक फ्लो मीटर दिलं. ही काटा असलेली साधी प्लॅस्टिकची नळी. फुंकलं की काटा वर जातो. कामाची पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा होता.

मिलच्या गेटवर मी फुंकत होतो, तर वॉचमन जवळ आला. “काय साहेब, शिट्टी बिघडली का? वाजून नाई राह्यली.”

गुरुवारी सकाळी काटा वर गेला. संध्याकाळी बराच खाली राहिला. शनिवारी फरक कमी होता. पुढच्या भेटीत मॅडमनी ते आकडे पाहिले, पण या वेळी त्या हसल्या नाहीत. “आता पकडलं म्हणून हे भरून येईल. असंच चालू ठेवलंत तर पुढे रोजच गुरुवार होईल. तुम्ही तरी धुळीतून बाहेर या, नाहीतर धूळ तरी बाहेर काढा.”

परतताना एसटीत वंदना खिडकीबाहेर पाहत होती. “मिल सोडान काय?” ती हळूच म्हणाली. मला आईचा आवाज आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांकडे जाण्याआधी मी ब्लो रूममधल्या लोकांना सहज विचारलं, गुरुवारी छाती कुणाकुणाची जड होते? मशीनपेक्षा मोठा गलका झाला. एकाने बायकोच्या हातच्या मटणाला दोष दिला. एकाने बाजारातल्या दारूला. शांताबाई, आमच्या झाडूवाल्या बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “माह्या घरी बुधवारी नणंद येते. मले वाटलं, तिच्यानंच छाती भरते!”

हे सगळं मी मॅनेजर साहेबांना सांगितलं. ते नागपूरचे, अर्धं हिंदीत बोलणारे. माझ्या छातीचं ऐकताना ते चेहरा गंभीर ठेवून होते, पण मी शांताबाईंच्या नणंदेवर आलो तेव्हा ताठ बसले.

“एक मिनिट. गुरुवारी?” ते म्हणाले. “अरे यार, गुरुवारीच तर इतने लोग गैरहाजर राहतात! मी समजत होतो, बाजारात पिऊन पडतात. बोनसच्या वेळी किती बोललो मी यांना!” मग म्हणाले, “तुला सध्या पॅकिंगमध्ये पाठवतो. बाकीच्यांना मी कुठे पाठवू?”

त्या प्रश्नाचं उत्तर काही महिन्यांनी पाइपांच्या रूपात आलं. मालकांना साहेबांनी कसं पटवलं ते मला माहीत नाही. लव साचली की आग लागते, हा मुद्दाही त्यांनी मांडला असावा. सेंट्रल व्हॅक्यूम म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगतो. धूळ खेचणारी मोठी मोटर मिलबाहेरच्या वेगळ्या खोलीत असते. तिथून लोखंडी पाइप सगळ्या खात्यांत फिरवलेले असतात, आणि भिंतीवर जागोजागी झाकण असलेली तोंडं असतात. झाकण उघडून लांब नळी लावली, की लव आत खेचली जाते आणि थेट बाहेरच्या खोलीतल्या फिल्टरच्या पिशव्यांत जाऊन बसते. आपल्या नाकापर्यंत येतच नाही.

हवा मारायची नळी काढून टाकली, तेव्हा लोक नाराज झाले. सर्वात जास्त शांताबाई. “धूळ उडालीच नाई तर झाडलं असं कसं म्हणाव?” पहिल्या दिवशी त्या नळी हातात घेऊन तुळईखाली उभ्या राहिल्या आणि कमरेला खोचलेली तंबाखूची पुडी नळीने गडप केली. पाइपातून सर्रकन आवाज गेला.

“गेली!” शांताबाई ओरडल्या. “अजगर हाय मेला!”

फिल्टरच्या खोलीत पुडी सापडली, पण लवेत लोळून तिचा रुईचा बोळा झाला होता. बाईंनी ती फेकून दिली. अजगराचं नाव मात्र सगळ्या मिलमध्ये झालं. आता दुसऱ्या कुणी नळीला हात लावला की त्या म्हणतात, “थांब बा, तुले नाई जमत. तो मलेच ओळखते.”

मी ब्लो रूममध्ये परत आलो तो गुरुवारच होता. मुद्दामच तो दिवस मागून घेतला. दिवसभर काम केलं आणि अधूनमधून छातीवर हात ठेवून पाहत राहिलो. पाळी संपल्यावर गेटवर फुंकलं. काटा सकाळच्या जागी जाऊन थांबला. मी पुन्हा फुंकलं, कारण विश्वास बसत नव्हता. पुन्हा तिथेच. वॉचमन म्हणाला, “आज तर वाजली बा!” वाजली काही नव्हती, पण माझा चेहरा पाहूनच त्याला कळलं असावं. मी तिथूनच आईला फोन केला. सावलीतलं काम शाबूत आहे, एवढंच तिला सांगितलं.

मॅडम म्हणतात, तपासणीला येत राहा, मास्क सोडू नका, आणि फिल्टरच्या पिशव्या वेळेवर झटकतात की नाही ते बघा. या तिन्ही गोष्टी मी करतो. त्यांचे, साहेबांचे, आणि भर दवाखान्यात मध्येच बोलणाऱ्या माझ्या बायकोचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या गुरुवारी चहाच्या सुट्टीत आम्ही कँटीनला गेलो, तर रांग पार दाराबाहेर. कँटीनवाले मोरेश्वरभाऊ रिकामं पातेलं दाखवत चिडले होते.

“पहिले गुरुवार किती बरा होता! अर्धे घरीच राहत. आता सगळेच्या सगळे येऊन राह्यले, दूध कुठून आणू मी?”

शेवटचा कप मला मिळाला होता. शांताबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि म्हणाल्या, “आण ना भाऊ. आता दर गुरुवारी येऊ आमी.”