मधली वात

प्रार्थनाघरातला सात तोंडांचा पितळी दिवा एकतीस वर्षं एकाच बाईच्या हातात होता. सगळे तिला मावशी म्हणत. तिला अक्षर वाचता येत नसे, पण ज्योतीकडे पाहून तेल किती उरलंय ते ती दारातूनच सांगे. नवरा गेला त्या संध्याकाळीही ती आधी दिवाबत्ती करून आली होती आणि मग रडली होती. दिवा काढून घेतला तर मावशीत मावशी कितीशी उरली असती, कोण जाणे.

प्रार्थनाघरात पोथी वाचणारे दोघे. एक सासरे, एक जावई. एकाच घरात जेवत, आणि जेवणाआधी अन् नंतर भांडत. दोघांनी मिळून उभ्या आयुष्यात एक वातही वळली नव्हती, पण दिव्याविषयी प्रत्येकाने एकेक ग्रंथ लिहिला होता.

एका सकाळी जावयाला पोथीत विसंगती सापडली. एका पानावर होतं, ‘हा दिवा कधीही विझू देऊ नये.’ पुढे दुसऱ्या पानावर, ‘हा दिवा रोज संध्याकाळी लावावा.’

“विझतच नाही तो लावायचा कसा, मामंजी?” जावयाने विचारलं. चेहऱ्यावर पेढा खाल्ल्यासारखा आनंद होता.

“जावईबापू, लावणे म्हणजे मनात लावणे,” सासरे म्हणाले. “आपल्याला तेवढं मन असतं तर कळलं असतं.”

प्रकरण समितीपुढे गेलं. अध्यक्षांचं कुलपांचं दुकान होतं, त्यामुळे कोणताही प्रश्न बंद करून टाकावा असं त्यांना वाटे. त्यांनी मावशीला बोलावलं. आजवर तिने दोन्हींपैकी एक आज्ञा रोज मोडली असणार, फक्त कुठली ते ठरायचं होतं. ठरलं की तिला काढायचं.

“अहो, पण मी सकाळी काय करते की...” मावशी सांगू लागली.

“मावशी, इथं शास्त्राचं चाललंय,” अध्यक्ष म्हणाले. “मध्ये बोलू नका.”

ठराव झाला. निकाल लागेपर्यंत कुणीही दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, हातसुद्धा लावायचा नाही. कुणावरही अन्याय नको. त्या वेळी दिवा जळत होता, म्हणून ठराव सगळ्यांना फार सुंदर वाटला.

मावशीने नेहमीप्रमाणे मधल्या वातीवरून आपला कंदील लावला आणि घरी गेली. वाटेवरच्या अंधारासाठी ती रोजच असं करायची. त्यावरही पोथीत एक वाक्य होतं, ‘या ज्योतीवरून घरचा दिवा लावू नये,’ पण ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी मावशीची सून कंदिलावर फुंकर मारायला वाकली.

“राहू दे गं,” मावशी म्हणाली.

“आई, भर दुपारी कंदील? लोक मला हसतील.”

“हसू देत. तेल घाल फक्त. तिकडे घालणारं कुणी नाही.”

तिकडे दोघे पाठक दिव्याजवळच बसून वाद घालत होते. काजळी चढली, ज्योती लाल झाल्या. एक गेली, मग दुसरी. सासरे मोठ्याने वाचत होते, जावई त्याहून मोठ्याने. तिसऱ्या दिवशी दुपारी मधली वातही गेली, आणि बिनखिडकीच्या त्या खोलीत ‘कधीही विझू देऊ नये’ हे वाक्य जावयाला नीट दिसेना.

मावशी भर उन्हात पेटता कंदील घेऊन रस्त्याने आली. अध्यक्ष दारातच घामाघूम उभे होते.

“ही आग कुठली?”

“इथलीच. परवा नेली होती.”

“नेली?” जावई पान शोधू लागला. “घरी? पण पोथीत तर...”

सासऱ्यांनी पोथीवर हात ठेवला. “जावईबापू, त्या पानाला वाळवी लागलीय.”

“कधी लागली?”

“आत्ताच.”

मावशी चिमटा हातात धरून थांबली. “लावू का? लाव म्हणालात तर विझला होता असं होईल. नको म्हणालात तर तसाच राहील. वाचून सांगा.”

सासऱ्यांनी पोथी मिटली. शेवटी अध्यक्ष खाली बघत म्हणाले, “रोज करता तसं करा.”

“रोज कसं करते ते ऐकायचंय की ठराव करायचाय?”

तिने आधी तेल घालून कंदिलावरून मधली वात लावली. मग सासऱ्यांच्या हातात काजळीची वाटी दिली, जावयाच्या हातात तेलाचा बुधला. बाजूची सहाही तोंडं खरवडली, वाती कातरल्या, तेल भरवलं, आणि करता करता सांगितलं. सकाळी बाजूच्या सहा विझवून साफ करायच्या, मधली जळती ठेवायची. संध्याकाळी मधलीवरून सहा लावायच्या. मग मधली विझवून साफ करायची आणि शेजारणीवरून परत लावायची. “विझतही नाही, रोज लावतेही. तुमच्या पोथीत असंच असेल की.”

सासऱ्यांनी वाटीतल्या काजळीत बोट फिरवलं. दोघांच्या दोन ग्रंथांचं एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी सातही ज्योती सरळ उभ्या राहिल्या. निघताना मावशीने मधल्या वातीवरून कंदील लावला, सगळ्यांसमोर, सावकाश. जावयाने तोंड उघडलं. हातातला बुधला कलंडून बाहीवर तेल सांडलं, तेव्हा त्याने तोंड मिटलं.

“उद्या सकाळी लवकर या, मावशी,” सासरे पोथीतून मान वर न काढता म्हणाले.