नारळी पुनवेचा फॉर्म

पन्नास प्रश्न. त्यातले अठरा बरोबर आले की माणूस विमा एजंट व्हायला मोकळा. रबाळ्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं माल तपासून मी घरी बसलो, तेव्हा ही परीक्षा बायकोने शोधून काढली. दगडसुद्धा पास होईल, म्हणाली. दगड म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

खारघरच्या क्लासमध्ये माझ्या बाकावर जमुना कोळी येऊन बसली. दिवाळे कोळीवाड्यातली, वय सत्तेचाळीस, दहावी पास, पंधरा वर्षं सोसायट्यांत दारोदार मासळी विकणारी. मी जरा सरकून बसलो, खोटं कशाला बोलू? तिने ते पाहिलं.

"निशांतभाऊ ना तुमी? लिंबू लावून हात धुतलेत मी. तरी वास आला तर तो आजचा नाय, पंधरा वर्सांचा हाय."

मग सरकायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे आमच्या बिल्डिंगमध्ये तिला धंदा करताना पाहिलं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत ती माशाचा कल्ला वर करून दाखवायची. आत लाल असला तर ताजा. बर्फातला असला तर ती स्वतःच सांगायची, आणि बायका तरीही तिच्याकडूनच घ्यायच्या. अशी बाई विमा विकायला का निघाली, हे मी विचारलं. गुडघे गेलेत, खाडीत मासा राहिला नाही, ही कारणं होतीच. खरं कारण शिवा होता.

शिवा तिच्याच गल्लीतला, तिच्या नवऱ्याचा, बाळारामचा, दोस्त आणि विमा एजंट. बाळारामचा फॉर्म त्यानेच भरला होता. अडीच वर्षांनी बाळाराम होडीतच छाती धरून पडला, तो उठला नाही. कंपनीने क्लेम नाकारला. पत्र इंग्रजीत होतं. फॉर्ममधली माहिती चुकीची होती, एवढंच कोणीतरी तिला वाचून सांगितलं; कुठली, ते नाही. फॉर्म भरला कोणी? शिवाने. संपलं.

कोळीवाड्यात लग्नापेक्षा हळद मोठी, सगळं गाव मांडवात. शिवाच्या पुतणीच्या हळदीत जमुनाने बँजो थांबवला आणि चारचौघांत त्याला दगाबाज म्हटलं. त्यानंतर त्याच्या हातून कोणी फॉर्म भरला नाही. त्याने एजन्सी सोडली, तळोज्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला आणि हळदींना यायचा बंद झाला.

"मी एजंट झाले ना, तर असा फॉर्म कुनाचा भरनार नाय," जमुना म्हणायची. त्यासाठी ती पुस्तक टोपलीत घालून फिरत होती.

आम्ही दुपारी बाकावर बसून एकमेकांना प्रश्न विचारायचो. एक दिवस 'परम सद्भाव' हा धडा आला. मी फुशारकीने समजावलं: तुमच्या शरीरात काय बिघाड आहे ते तुम्हाला ठाऊक, कंपनीला नाही, म्हणून ते आपणहून सांगायचं.

"म्हंजे कल्ला दाखवायचा," ती म्हणाली.

"बरोबर. लपवलं आणि पहिल्या तीन वर्षांत माणूस गेला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आनि सही नवऱ्याची, पन उत्तरं बायकोनी दिली असतील तर?"

"कोणी का देईना, खोटं ते खोटं." मास्तरकी अंगात आली की माझी जीभ अशीच सुटते. त्या वाक्याबद्दल मला आजही स्वतःची लाज वाटते.

तिने पुस्तक मिटलं. मग सांगितलं. शिवा फॉर्म घेऊन आला तो दिवस नारळी पुनवेचा होता. होडी रंगवून, हार घालून उभी, दुसऱ्या दिवशी समुद्रात जायची. शिवाने विचारलं, छातीचं दुखणं होतं का, दवाखान्यात राहिले होते का. त्याच्या आठ महिने आधी बाळाराम चार दिवस दवाखान्यात होता. पण होडी निघायच्या आदल्या दिवशी घरात दुखण्याचं नाव काढायचं नसतं. "मीच बोलले, आज अभद्र नको. नाय लिव, समद्याला नाय लिव. आनि शिवाच्या हातात नारलीभाताची ताटली दिली."

चार दिवस ती क्लासला आली नाही. मी फोन केला. "कशाला पास होऊ?" म्हणाली. "ये तू," एवढंच म्हणालो. आली. वाशीच्या सेंटरवर आम्ही परीक्षा दिली. तिला त्रेचाळीस, मला चोवीस.

पेढे तिने वाटले नाहीत. गावात पुढची हळद होती, तिथे मला सोबत नेलं. "जिथं थुंकले तिथंच पुसायला पायजे." तिने पुन्हा बँजो थांबवला आणि सगळं सांगितलं, नारळीभातासकट. एक म्हातारी म्हणाली, "आता बोलून काय?" बँजो परत सुरू झाला.

तिथून आम्ही शिवाच्या घरी गेलो. तो ड्यूटीला निघाला होता, युनिफॉर्मची बटणं लावत त्याने ऐकून घेतलं.

"वयनी, मी बी याच गावचा. पुनवेला तो सवाल मी तरी परत कुठं विचारला? दुसऱ्या दिवशी यायला पायजे होतं मी. एक दिवस फक्त."

"मग त्या दिवशी हळदीत बोलला का नाय?"

"तुजा नवरा गेलेला. तुला काय बोलू?"

लायसन्स आलं. पण जिच्या तोंडाने नवऱ्याचा क्लेम गेला, तिच्याकडे गावातलं कोण फॉर्म भरणार? सोसायटीतल्या बायका पापलेट घ्यायच्या आणि विम्याचं नाव काढलं की दार लोटायच्या. दोन महिन्यांनी शिवाच तिच्या दारात आला. "माजा भर," म्हणाला.

तिने एकेक प्रश्न वाचला, मी शेजारी होतो. साखर? हो. छातीत दुखतं? हो. दवाखान्यात होतात? दोनदा. प्रत्येक 'हो' लिहिताना तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याने मान हलवली.

महिन्याने कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मी दोघांना मराठीत वाचून दाखवलं. प्रकृतीच्या कारणास्तव प्रस्ताव नाकारण्यात येत आहे. जमुनाने मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"बरोबर भरलास, वयनी," शिवा म्हणाला, आणि ड्यूटीला निघून गेला.