काळ्या करून आणलेल्या जर्सी

वडील गावातल्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही बौद्ध. वस्तीवरची आणि गावातली पोरं एकाच कबड्डी संघात खेळावीत, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात होतं. आणि पोरं खेळतही होती. कप्तान गावातला, मराठ्याचा, माझ्याच वर्गातला; मी चढाईला, तो पकडीला. लासुर्ण्यापासून वरकुट्यापर्यंत लोक आमच्या संघाला ओळखायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला कुठंतरी हे बिघडत गेलं. पोरांच्या कपाळावर, मोटारसायकलींवर, गळ्यातल्या रुमालांत रंग आले. पूर्वी 'तू कुणाचा रं?' असं विचारलं की आम्ही बापाचं नाव सांगायचो. आता गटाचं सांगू लागलो. नेमक्या त्याच वर्षी वडिलांनी हौसेनं बारामतीहून संघासाठी जर्सी आणल्या. निळ्या. दुकानात एका रंगाच्या तेवढ्याच होत्या, असं ते म्हणाले. मला ते अजूनही खरं वाटतं.

कप्तानानं जर्सीची घडी न मोडताच ती परत पुढं केली. "गुरुजी, गावात मला बोलत्यात. दुसरा रंग न्हाय का?"

आमची पोरं लगेच तापली. "निळीच घालायची. न्हायतर आमी खेळत न्हाय." त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

वडिलांनी वाद घातला नाही. जर्सी पिशवीत भरल्या, एसटीनं पुन्हा बारामतीला गेले आणि रंगाऱ्याकडून सगळ्या काळ्या करून आणल्या. निळ्यावर दुसरा रंग नीट चढत नाही म्हणे. इतकी वर्षं गावात काढलेल्या माणसाला एवढं सुचू नये, की मैदानात नारळ फोडायचा आणि अंगात काळं, हे गावाला कसं चालेल? गावानं नाक मुरडलं. वस्तीनं तर तोंडावर सांगितलं, "गुरुजींनी निळ्याला काळं फासलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना मी म्हणालो, "कुणी सांगितलं होतं एवढं वाकायला?"

"पोरं फुटली तर परत जुळायची न्हाईत, लेका," ते म्हणाले. मी ताटावरून उठलो.

पोरं फुटलीच. पुढच्या हंगामात गावाचा संघ भगवा, वस्तीचा निळा. काळ्या जर्सी टाकवेनात म्हणून वडील उसाला पाणी देताना त्याच घालायचे. घाम आला की रंग मानेवर उतरायचा. दोन्हीकडची पोरं हसायची. तेवढ्या बाबतीत एकी शिल्लक होती, आणि तिचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटायची.

भवानीनगरच्या स्पर्धेत दोन्ही संघ समोरासमोर आले. एका पकडीवरून बाचाबाची झाली, कुणीतरी जात काढली, घोषणा सुरू झाल्या आणि पोरांनी खुर्च्या उचलल्या. तेवढ्यात वडील मधल्या रेषेवर येऊन उभे राहिले. शेतातून परस्पर सायकलीवर आलेले, अंगात तीच जर्सी. वर्गात ओरडायचे तसे ते ओरडले, "खाली बसा सगळे!" कुणी बसलं नाही, पण खुर्च्या खाली आल्या. आम्हा सगळ्यांना मुळाक्षरं त्यांनीच शिकवली होती.

पंच बाहेरगावचा. त्यानं आम्हाला विचारलं, "हे बाबा कुणाचे? त्यांना बाहेर न्या."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मानेवरून काळा ओघळ उतरत होता. माझ्यामागं माझी सगळी निळी पोरं उभी होती. मी खाली वाकलो आणि गुडघ्यावरची माती झटकू लागलो.

"आमचे हायती," भगव्या जर्सीतला कप्तान म्हणाला. त्यानं पुढं येऊन वडिलांचा हात धरला. "चला गुरुजी, सावलीत बसा."